दुपारी मरणारा सर्व्हर

१

निंभोरकर टेक्स्टाइल्समधला सर्व्हर पुन्हा मेला, आणि जाताना गुलाबी कापडाचा अख्खा लॉट सोबत घेऊन गेला. लग्नसराईचं कापड होतं. टाकीत गुलाबी व्हायला गेलेलं ते बाहेर आलं तेव्हा कुठे जांभळं, कुठे फिकट, तर कुठे चक्क मातकट. टाकी किती तापवायची, रंग कधी सोडायचा, पाणी कधी काढायचं, हे सगळं तो एक संगणक तारेवरून सांगायचा. तो मुका झाला की टाक्या होत्या तिथेच अडून बसत, आणि कापड आपलं उकळत्या रंगात सडत राही.

ही काही पहिली वेळ नव्हती. नांदगाव पेठेच्या औद्योगिक वसाहतीत उन्हाळा सुरू झाला तसा हा रोग लागला होता. जवळजवळ रोज, तोही भर दुपारी.

मालक खुशालराव निंभोरकर ऑफिसचा जिना उतरून थेट रंगाईच्या शेडमध्ये आले. माणूस मोठा तापट, पण कष्टातून वर आलेला. काळ्या रानातल्या कपाशीवर बापानं घर चालवलं, मुलानं कापडावर कारखाना उभा केला. कारखान्यातला खिळासुद्धा ते आपल्या हातानं ठोकल्यासारखे बोलत. त्यांनी लॉटकडे पाहिलं आणि सगळ्या कामगारांसमोर सुगत खंडारेकडे बोट केलं.

"हा चोर हाय! माह्या पोटात राहून माह्या पोटावर पाय देऊन राहिला!"

सुगत हा कारखान्याचा एकुलता एक संगणक अभियंता. त्याला सरकारी नोकरी लागली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्यात मूळ कागदपत्रांची तपासणी होती. अडचण अशी, की ती कागदपत्रं खुशालरावांच्या कपाटात कुलूपबंद होती. माणूस पळू नये म्हणून त्याचे कागद बांधून ठेवायचे ही आपल्याकडची तऱ्हा, आणि नोकरीची गरज असलेला माणूस मुकाट्यानं ते देतोही. सुगतनंही दिले होते.

"भाऊसाहेब, म्या काही केलं नाही," तो म्हणाला.

"नाही केलं? पाडव्याले नवं नेटवर्क कार्ड कोणं लावलं? तू! तवापासूनच हा रोग लागला. मागच्या हप्त्यात तू दोन दिवस सुट्टीवर गेला. मी मोझरीले होतो, आश्रमात. वापस येऊन इचारतो तं काय, दोन्ही दिवस सर्व्हर एकदाही पडला नाही. तू आला अन् दुपारीच पडला! नवी नोकरी भेटली म्हणून जुनं घर जाळून जातं का रे?"

खरी गोष्ट म्हणजे हा हिशेब सुगतलाही सुटत नव्हता.

"गेट बंद करा," खुशालराव म्हणाले. "अकोल्याहून एक बाई येऊन राहिली, संगणकाची डॉक्टर. संध्याकाळपर्यंत तिनं म्हटलं का तू नाही, तं कागद घे अन् जाय. नाही तं मी पोलीस बोलावतो."

पोलिसात नाव गेलं म्हणजे सरकारी नोकरी गेली, हे सांगायला कोणी लागत नव्हतं. बाहेर लोखंडी गेट खडखडत बंद झालं.

२

रश्मी टाले आली ती डोक्याला दुपट्टा गुंडाळून, उन्हानं लालबुंद होऊन. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी आतल्या गाभ्यावर, ज्याला संगणकवाले कर्नल म्हणतात, तिनं उभी कारकीर्द घालवली होती. आता ती अकोल्यात घरूनच परदेशी कंपन्यांची कामं करायची. ऑफिसात शिरल्याबरोबर ती खिडकीतल्या मोठ्या कूलरसमोर जाऊन उभी राहिली.

"आधी जीव थंडा होऊ द्या भाऊसाहेब, मंग तुमच्या सर्व्हरचं पाहू."

चहा झाला. सुगतला खुशालरावांनी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. पाणी प्यायचं तरी विचारून उठायचं, असा कायदा. दारात कुलदीप, मालकाचा पुतण्या, पहारेकऱ्यासारखा उभा होता. सुगतला वाटलं, तुरुंगात निदान मुदत तरी सांगतात.

सर्व्हर मरतो तेव्हा शेवटच्या क्षणी मनात काय होतं त्याची नक्कल मागे ठेवतो. रश्मी तीच वाचत बसली. सुगतनं ती आधी वाचली होती, पण चोर ठरलेल्या माणसाला आपल्याच घराचा पत्ता धड वाचता येत नाही. तिनं बराच वेळ वाचलं, मधे एकदा "अरे देवा" म्हणाली, आणि मग खुर्ची वळवली.

"भाऊसाहेब, सोपं करून सांगतो. नेटवर्कचं कार्ड अन् गाभा यायच्या मधात एक दुभाषा असते, त्याले ड्रायव्हर म्हणतात. तारेवरून आलेला निरोप ठेवाले तो गाभ्याजवळून जागा मागून घेते. तार मेली का त्यानं आवराआवर करून ती जागा वापस द्याची. तुमचा ड्रायव्हर घाई करते. जागा देऊन टाकते, अन् त्याचाच दुसरा हात अजून त्याच जागेत निरोप धुंडत राहते. भाडेकरूनं खोली सोडली, पण त्याचा भाऊ जुन्या किल्लीनं आत घुसला, अन् तिथं आता दुसऱ्याचा संसार. गाभ्याले हे दिसलं का तो घाबरते, अन् पुढं घोटाळा नको म्हणून सगळंच थांबवून टाकते."

"म्हणजे यानं ड्रायव्हर खराब केला?"

"नाही. हा कंपनीचा जसाच्या तसा हाय, मी ताडून पायलं. एक ओळही बदलली नाही. खोट कंपनीची."

सुगतनं किती तरी वेळानं छातीभर श्वास घेतला. पण रश्मीचं बोलणं संपलं नव्हतं.

"फक्त एक गोष्ट हाय. तार मेल्याशिवाय हा ड्रायव्हर चुकत नाही. आधी तार मरते, मंग सर्व्हर. तुमी उलटं समजत होते. कोणीतरी दर वेळेस तार मारते. सर्व्हरच्या खोलीची किल्ली कोणाजवळ असते?"

कूलर तेवढा घोंघावत होता. सुगतनं खिशात हात घातला आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"एकच हाय," तो म्हणाला. "माह्याजवळ."

३

खुशालराव हसले, पण त्यात आनंद नव्हता. "झालं मंग. पोलिसायले फोन लावू?"

"संध्याकाळ झाली का?" रश्मीनं विचारलं. "नाही ना? मंग मले लोकायशी बोलू द्या."

बोलणी तिथेच झाली, कारण साऱ्या कारखान्यात जीव टिकेल अशी ती एकच खोली होती. खुशालराव मधूनच बाहेर जात, कोणावर तरी ओरडत, परत येत. सुगत आपल्या कोपऱ्यात बसून ऐकत होता. आपल्यासमोर आपलाच पंचनामा चालावा, आणि उठून जाताही येऊ नये, ही शिक्षा कायद्याच्या कुठल्याच पुस्तकात नसेल.

पहिला कुलदीप. कारखान्याची वीज तो पाहायचा. बाप लहानपणीच गेला, काकांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं. सुगत आणि तो एकाच ताटात जेवत नसले तरी एकाच टपरीवर चहा पीत. गेल्या दोन महिन्यांत तोही बंद झाला होता.

"सुगत गेला तं संगणकाचं काम तुमच्याकडं येईन म्हणते," रश्मी म्हणाली.

कुलदीपचे कान लाल झाले. "मले नाही पाहिजे. मले त्यातलं समजत नाही. हिवाळ्यात या ऑफिसचं सगळं वायरिंग म्या केलं, नेटवर्कची तार म्या ओढली. थंडीभर एकदा तरी पडला का सर्व्हर? पाडव्याले यानं कार्ड बदललं अन् घोर लागला. आता तुमीच सांगा, मॅडम."

"तुमी ओढलेल्या तारेचं एक टोक सर्व्हरच्या खोलीत. दुसरं कोठी?"

"इथंच. वर माळ्यावर, नेटवर्कच्या डब्यात."

रश्मी टेबलावर चढली. छताला लागून सामान ठेवायचा लाकडी माळा होता. गुंडाळलेल्या सतरंजीमागे तो डबा हिरवे दिवे मिचकावत बसला होता. तिनं मान वाकडी करून त्याची वायर कुठे उतरते ते पाहिलं, दुपट्ट्यानं नाक पुसलं आणि खाली उतरली.

"याले कोणी हात लावत असन तं भाऊसाहेबायच्या नाकासमोर टेबलावर चढा लागीन," ती म्हणाली. "तेवढी कोणाची हिंमत?"

सुगतची नुकतीच पालवलेली आशा पुन्हा कोमेजली. तारेला दोन टोकं होती हे खरं, पण एकाची किल्ली त्याच्या खिशात आणि दुसरं मालकाच्या डोक्यावर. तिसरी वाट त्याला दिसेना.

मग आली साधना गावंडे, रंगाईची प्रमुख. तिचा आणि सुगतचा छत्तीसचा आकडा होता. रंगाची छटा बिघडली की ती संगणकाला दोष द्यायची आणि सुगत तिच्या मापाला.

"मी खोटं नाही बोलणार," ती म्हणाली. "हा पोरगा मले आवडत नाही. पण कापडाची अशी नासाडी हा नाही करणार. मात्र हेही खरं, का तो नव्हता ते दोन दिवस माहे लॉट सोन्यासारखे निघाले. मी ऑफिसात तं पायच ठेवला नाही तवा. भट्टी झाली होती इथं. कूलर कोरडा ठणठणीत."

"काहून?"

"मले काय ठाऊक? इंदूबाईले इचारा."

इंदूबाई झाडलोट करायची, चहा करायची, पाणी भरायची. पोलिसांचं नाव तिच्याही कानावर गेलं होतं. ती आल्या आल्याच म्हणाली, "बाई, मी त्या संगणकाच्या खोलीत जात नाही. कुलूप असते. झाडू वायरीले लागला असन म्हणान, तं नाही लागला."

"झाडूचं नाही इचारत मी. कूलरात पाणी तुमीच भरता ना?"

"हो."

"मंग त्या दोन दिवशी काहून नाही भरलं?"

"भाऊसाहेब नव्हते ना. ते 'भर' म्हणतील तवाच भराचं, असा हुकूम हाय. ते नसले का टाकीले हात लावाचा नाही. सगळ्यायले ठाऊक हाय."

सगळ्यांना ठाऊक होतं खरं. इतकं ठाऊक, की कोणाच्या ते ध्यानातच नव्हतं. रश्मीनं साधनाला हाक मारून विचारलं, की टाक्या रिकाम्या कधी होतील. साधना म्हणाली, आत्ताचा लॉट निघाला की.

"निघू द्या. तोवर नवा लावू नका," रश्मी म्हणाली. मग ती सुगतकडे वळली. "तुमी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसा. काही झालं तरी उचलू नका."

"काय होणार हाय?" सुगतनं विचारलं.

"सर्व्हर मरणार हाय," रश्मी म्हणाली. "अन् जो मारते तो आपल्या डोळ्यायदेखत मारणार हाय."

४

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे ऑफिसात जमले. साधनानं टाक्या रिकाम्या झाल्याची खूण केली. सर्व्हरचा पडदा रश्मीनं वेगळ्या वायरीनं ऑफिसातल्या दुसऱ्या पडद्याला जोडून सर्वांसमोर ठेवला होता. त्यावर आकडे शांतपणे सरकत होते. सुगतचे हात टेबलावर. त्याची किल्लीही टेबलावर.

"सांगा मॅडम," खुशालराव खुर्चीत ऐसपैस बसले. "चोर कोण?"

"सांगतो. पण हवा गरम येऊन राहिली, भाऊसाहेब. कूलर कोरडा झाला वाटते."

"हो, झाला असन. ऊनच तसं हाय." खुशालराव उठले. बोलता बोलताच उठले, जसे रोज उठत. "पण ध्यानात ठेवा, आज निकाल पाहिजे मले. माह्या घामाचा पैसा हाय हा..." बोलणं चालू ठेवूनच ते व्हरांड्यात गेले. बाहेरच्या भिंतीवर लाल रंगाचं एक मोठं बटण होतं. त्यांनी ते बंद केलं.

कूलर घरघरत थांबला. दोनदा श्वास घ्यावा इतका वेळ गेला असेल. मग पडद्यावरचे आकडे थबकले, आणि पांढऱ्या ओळींची एक झुंड वरून खाली धावत आली आणि तिथेच गोठली.

"मेला!" साधना ओरडली.

सगळ्यांनी एकदम सुगतकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात टेबलावर होते.

"भर वं इंदूबाई पाणी!" बाहेरून खुशालरावांचा आवाज आला. "बटन बंद हाय, भ्याचं कारण नाही!" हात झटकत ते आत आले. "हं, काय म्हणत होतो मी? चोर..." आणि ते थांबले, कारण खोलीतला प्रत्येक जण त्यांच्याकडे पाहत होता.

"काय झालं?"

रश्मीनं पडद्याकडे बोट केलं. "नेटवर्कचा डबा अन् कूलर एकाच लायनीवर हायत. तुमी बटन बंद केलं का डबा मरते. डबा मेला का तार मरते, तार मेली का ड्रायव्हर चुकते. सर्व्हर बसला का सारे लोक त्याच्या खोलीकडं धावतात. तोवर पाणी भरून होते, तुमी बटन चालू करता, अन् डबा पुन्हा हिरवा. माळ्यावर पाहाले कोणी जातच नाही."

"पण थंडीत..."

"थंडीत कूलर माळ्यावर असते, भाऊसाहेब. बटनाले कोण हात लावते? इंदूबाई म्हणते, पाडव्याले कूलर खाली उतरला, अन् त्याच हप्त्यात सुगतनं कार्ड लावलं. कावळा बसाले अन् फांदी मोडाले एकच गाठ. फांदीत खोट होतीच, पण कावळ्यावाचून ती मोडली नसती."

"अन् ते दोन दिवस?"

"त्या दोन दिवशी सुगत नव्हता. आणखी कोण नव्हतं? तुमी दुपारी स्वतःच सांगतलं म्हणे. तुमी मोझरीले होते. तुमी नाही तं पाणी नाही, पाणी नाही तं बटन नाही. लोकायनं गैरहजर माणूस एकच मोजला, कारण दुसरा मोजणारा होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण त्या खोलीत कोणाला हसू आलं नाही. खुशालराव हळूहळू खुर्चीत बसले. एवढा मोठा माणूस, पण खुर्ची त्यांना मोठी झाल्यासारखी दिसली.

"काका," दारातून कुलदीप म्हणाला. "डब्याची वायर म्या जोडली त्या लायनीवर. हिवाळ्यात ते सॉकेट रिकामं दिसलं. कूलर तिथं लागते हे ध्यानातच नाही आलं."

"तुह्या ध्यानात नाही आलं?" खुशालराव त्याच्याकडे पाहत राहिले. "कुलदीप, तुह्या?"

कुलदीपनं मान खाली घातली. नव्या माणसाला कळावं म्हणून साधनानंच रश्मीला हळू आवाजात सांगितलं. कुलदीपचा बाप, खुशालरावांचा धाकटा भाऊ, याच ऑफिसात चालू कूलरमध्ये पाणी भरताना करंट लागून गेला होता. बादली हातातच होती. ते लाल बटण त्यानंतर बसलं, आणि त्याला हात फक्त खुशालरावांचा. कोणावर विश्वास नाही म्हणून नव्हे. पुन्हा कोणी जाऊ नये म्हणून.

"मी ते बटन सोडणार नाही," खुशालराव एकदम म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचा त्यांना रागही आला होता. "कारखाना बुडला तरी सोडणार नाही."

"सोडूच नका," रश्मी म्हणाली. "डबा दुसऱ्या लायनीवर घ्या, पाच मिनिटायचं काम. ड्रायव्हरची दुरुस्त झालेली नवी आवृत्ती मी आजच टाकून देतो. बटन तुमचं तुमच्याजवळ राहू द्या."

५

खुशालरावांनी कपाट उघडलं. सुगतची कागदपत्रं काढली आणि त्याच्यासमोर टेबलावर सरकवली.

"घे. गेट उघडाले सांगतो. जाय."

दुपारपासून सुगत याच शब्दांसाठी जीव मुठीत धरून बसला होता. आता ते आले, तर त्याचा हात उठेना. राग आला होता का? आला होता. पण त्याहून मोठं काहीतरी घशात अडकलं होतं, आणि ते गिळून बाहेर पडलो तर जन्मभर ते तिथेच राहील हे त्याला कळत होतं. उद्याची नोकरी, अकोल्याची शेवटची गाडी, सगळं त्याला दिसत होतं. तरी तो उठला नाही.

"भाऊसाहेब, मले चोर कोठी म्हटलं तुमी?"

"आता जाऊ दे ना, सुगत. झालं ते झालं."

"खाली म्हटलं. शेडमधी, सगळ्यायसमोर. खरं या खोलीत निघालं, अन् या खोलीतच राहीन. मी गेलो का लोक म्हणतील, पोट्टा सुटला कसातरी. मी उद्या अकोल्यात साहेब होईन, पण इथं चोरच राहीन. माहे कागद इथं असू द्या. आधी खाली चला."

कुलदीप काकांकडे पाहत राहिला. खुशालरावांच्या कपाळाची शीर तटतटली. आता यांनी टेबल उलथवलं तरी नवल नव्हतं. सुगत खंडारेच्या घरातल्या कोणी निंभोरकरांच्या घरातल्या कोणाला 'खाली चला' म्हटल्याचं गावाच्या आठवणीत नव्हतं, आणि हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

"चल," खुशालराव म्हणाले.

टाक्या बंद होत्या, त्यामुळे शेडमध्ये नेहमीचा गोंगाट नव्हता. देवराव फिटरनं हातातला पाना खाली ठेवला. माणसं गोळा झाली. खुशालराव मधोमध उभे राहिले, आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्द शोधावे लागले.

"दुपारी म्या याले चोर म्हटलं. ते खोटं होतं. सर्व्हर मी पाडत होतो. मी, माह्या हातानं, मले न कळता. सुगतनं काही केलं नाही." ते थांबले. लोक गेले नाहीत, म्हणून त्यांना पुढे बोलावं लागलं. "म्या चुकलो, सुगत."

सुगतला वाटलं होतं, आपल्याला खूप आनंद होईल. त्याला फक्त सपाटून भूक लागली. त्यानं मान हलवली, वर जाऊन कागद उचलले, रश्मीला दोन्ही हात जोडले आणि बाहेर पडला.

गेटबाहेर येऊन त्यानं गावी आईला फोन लावला. शेडमधल्या नितेशनं दुपारीच तिला सगळं कळवून टाकलं होतं. पहिल्याच घंटीला मैनाबाईनं फोन उचलला.

"आई, कागद भेटले."

"कागदाचं नाही इचारत मी. चोर म्हटलं त्याचं काय झालं?"

"त्यायनं सांगतलं, मी नाही म्हणून. आपण चुकलो म्हटलं."

"कोठी सांगतलं? कानात, का चारचौघात?"

"सगळ्यायसमोर, आई. शेडमधी."

मग आईचा आवाज आला, थोडा दुरून, चालता चालता बोलल्यासारखा.

"थांब मंग, दार उघडतो. गल्लीले तोंड कसं दाखवू म्हणून दुपारपासून लावूनच बसली होती मी."